रूप पालटलेल्या लाव्हाचे मूळ

बेसाल्ट ओळखायला महाराष्ट्रात वेगळे शिकावे लागत नाही. सह्याद्रीचे कडे, किल्ल्यांचे तट, घरातला पाटा-वरवंटा, सगळीकडे तोच काळा कातळ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो लाव्हा होऊन वाहिला, थिजला आणि त्यानंतर त्याला फारसे कोणी छेडले नाही. पोकळ्यांमध्ये झिओलाइटचे स्फटिक वाढले, माथ्यावर काही ठिकाणी जांभा झाला, एवढेच. आतले पायरॉक्सीन आणि प्लॅजिओक्लेज बहुतेक ठिकाणी शिलारसातून जसे स्फटिकले तसेच आहेत. भूशास्त्रज्ञाच्या दृष्टीने ही चैनच म्हणायची, कारण पृथ्वीवरच्या खरोखर जुन्या लाव्हांच्या नशिबी असे स्वास्थ्य आले नाही. अडीच-पावणेतीनशे कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा बहुधा समुद्रतळावर ओतला गेला, खाऱ्या गरम पाण्यात मुरला, पुढे जमिनीखाली कित्येक किलोमीटर गाडला गेला, पाच-सहाशे अंशांपर्यंत तापला आणि सगळ्या बाजूंनी चेपला गेला. आज हाती येतो तो अँफिबोलाइट: काळपट हिरवा, जड, एकाच दिशेने ओढल्यासारख्या बारीक सुयांचा. लाव्हाच्या एकाही मूळ खनिजाचा कण त्यात सहसा उरलेला नसतो. अशा खडकाला तीन प्रश्न विचारता येतात. तू मुळात काय होतास? कोणत्या प्रकारच्या प्रावरणातून, किती खोलीवरून आलास? आणि त्या वेळी तुझ्या भोवतीचा भूगोल कसा होता? माझे म्हणणे असे की पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे रसायनशास्त्र चांगल्या खात्रीने देते. तिसऱ्याचे उत्तर ते एकट्याने देऊ शकत नाही. या विषयातले बरेचसे वाद तिसऱ्या उत्तराला पहिल्या दोनांची खात्री चिकटवल्यामुळे झाले आहेत.

हे तपासायला कोलारसारखी जागा शोधून सापडणार नाही. कर्नाटकाच्या आग्नेय कोपऱ्यात, आंध्र आणि तमिळनाडूच्या सीमांना लागून, उत्तर-दक्षिण पसरलेला सुमारे ८० किलोमीटर लांबीचा आणि जेमतेम चार-सहा किलोमीटर रुंदीचा हा पट्टा. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटसारखे दिसणारे पट्टेदार नाइस खडक आणि मध्ये चेपून बसलेले अँफिबोलाइट. सोन्यासाठी इथे तीन किलोमीटरहून खोल खाणी गेल्या आणि २००१ मध्ये त्या बंद झाल्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनेही हाच जड खडक डोक्यावर छत म्हणून वापरला. वैश्विक किरणांपासून आडोसा हवा म्हणून तिने खोल बोगद्यात उपकरणे मांडली आणि १९६५ मध्ये वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या पहिल्या नोंदींपैकी काही तिथे मिळाल्या. पण खडकाची स्वतःची कथा त्यापेक्षा कमी रंजक नाही. १९८० च्या दशकात व्ही. राजमणी, एस. बालकृष्णन, गिल्बर्ट हॅन्सन, युजीन क्रॉगस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या अँफिबोलाइटांचे आणि नाइसांचे जे रासायनिक मोजमाप केले, त्यातून अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या पृथ्वीबद्दलचा एक मोठा दावा उभा राहिला. १९८९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला.

आधी रूपांतर म्हणजे नेमके काय होते ते पाहू. खडक वितळत नाही, घनच राहतो, पण जुनी खनिजे नव्या तापमानाला आणि दाबाला टिकत नाहीत. पाण्याचा शिरकाव झाला की तीन-चारशे अंशांच्या आसपास पायरॉक्सीनच्या जागी क्लोराइट आणि अॅक्टिनोलाइट, कॅल्शियमयुक्त प्लॅजिओक्लेजच्या जागी एपिडोट आणि सोडियमयुक्त अल्बाइट येते. या अवस्थेतला खडक हिरवा दिसतो. आणखी तापला की क्लोराइट आणि एपिडोट हटतात, हॉर्नब्लेंड आणि प्लॅजिओक्लेज यांची जोडी उरते. पातळ चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की हॉर्नब्लेंड चकती फिरवताना पिवळट हिरव्यावरून निळसर हिरव्यावर जाते, आणि मधूनच इल्मेनाइटचा एखादा काळा दाणा स्फीनची तपकिरी किनार घेऊन बसलेला दिसतो. त्या किनारीकडे लक्ष द्यावे. इल्मेनाइट हे टायटॅनियमचे खनिज आणि स्फीनही टायटॅनियमचेच. खनिज बदलले, पण टायटॅनियम जागचा फारसा हलला नाही. जुना वाडा उतरवून त्याच तुळयांवर नवे घर बांधावे तसा हा प्रकार आहे: खोल्यांची मांडणी पार बदलते, पण बरेचसे लाकूड तेच असते. खडकाचे मूळ शोधणाऱ्याने म्हणून खनिजांच्या नावांपाशी अडकून न पडता लाकूड मोजावे, म्हणजे मूलद्रव्ये मोजावीत.

मात्र सगळे लाकूड जागेवर राहत नाही. सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, बेरियम आणि काही प्रमाणात कॅल्शियम, स्ट्राँशियम हे गरम पाण्यात सहज विरघळून निघून जातात, किंवा बाहेरून येऊन भर घालतात. त्यांच्या आयनांवरचा विद्युतभार कमी आणि आकार मोठा, त्यामुळे ऑक्सिजनशी त्यांची पकड सैल. याउलट टायटॅनियम, झिर्कोनियम, नायोबियम, इट्रियम, थोरियम आणि दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांपैकी बहुतेक ही जास्त भाराची मंडळी. ऑक्सिजनला ती घट्ट धरून बसतात आणि साध्या पाण्यात फारशी उतरत नाहीत. समुद्रतळावरून उपसलेल्या बेसाल्टवर जे. आर. कॅन यांनी १९७० मध्ये हेच दाखवले: खडक पार बदलला तरी इट्रियम, झिर्कोनियम, नायोबियम यांचे प्रमाण जवळपास तसेच राहते. इथे एक गणिती अडचण येते. समजा शंभर किलो बेसाल्टमधून वीस किलो पदार्थ पाण्याबरोबर वाहून गेला. दशलक्ष भागांत ६,००० भाग असलेला टायटॅनियम आता ७,५०० दाखवेल आणि ६० भाग असलेला झिर्कोनियम ७५. दोघांपैकी कुणीही हललेले नसताना दोघेही वाढल्यासारखे दिसतील. पण त्यांचे गुणोत्तर आधीही शंभर होते, नंतरही शंभरच राहील. रूपांतरित लाव्हाच्या अभ्यासात सगळा भर गुणोत्तरांवर असतो तो यासाठी. तेवढा एक धडा पाळला की अर्धी दिशाभूल टळते, आणि जुने शोधनिबंध चाळताना तो न पाळल्याची उदाहरणे हवी तेवढी सापडतात.

या हट्टी मूलद्रव्यांचा दुसरा गुण अधिक मोलाचा आहे. प्रावरण अंशतः वितळते तेव्हा ऑलिव्हीन आणि पायरॉक्सीन त्यांना आपल्यात फारसे सामावून घेत नाहीत, म्हणून ती द्रवात जमा होतात. थोडेच वितळले तर तेवढ्या द्रवात ती दाटीने भरतात, पुष्कळ वितळले तर पातळ होतात. निकेल मात्र ऑलिव्हीनला धरून राहतो. गार्नेटचा मामला आणखी निराळा: इट्रियम आणि जड दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये त्याला फार प्रिय. प्रावरणात गार्नेट टिकते ते खोलवर, मोठ्या दाबाखाली. त्यामुळे एखाद्या लाव्हात लँथॅनमसारखी हलकी मूलद्रव्ये भरपूर आणि यटर्बियम, ल्युटेशियम यांचा तुटवडा दिसला, तर वितळण्याच्या जागी गार्नेट मागे राहिले असावे असा निष्कर्ष निघतो. शिलारस किती खोलवरून आला याचा हा एक अंदाज. लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंत आयनांचा आकार पायरीपायरीने घटत जातो, म्हणून सगळी मालिका उल्कापाषाणातल्या प्रमाणाने भागून आलेखावर मांडली की खडकाचा एक ठरावीक उतार मिळतो. कोलारच्या अँफिबोलाइटांत दोन कुळे आहेत. एक साध्या बेसाल्टचे. दुसरे मॅग्नेशियमने इतके भरलेले की त्याची गणना कोमाटाइटच्या गोत्रात करावी लागते. कोमाटाइट म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड १८ टक्क्यांच्या वर असलेला लाव्हा. दक्षिण आफ्रिकेतल्या कोमाटी नदीकाठी व्हिल्योन बंधूंनी तो १९६९ मध्ये वर्णिला. दख्खनच्या बेसाल्टमध्ये हे प्रमाण बहुधा पाच ते सात टक्के असते आणि तो साधारण साडेअकराशे-बाराशे अंशांना वाहिला असावा. अस्सल कोमाटाइट बाहेर पडताना सोळाशे अंशांच्या आसपास असावा. आज पृथ्वीवर कुठलाही ज्वालामुखी असा लाव्हा ओकत नाही. त्या काळचे प्रावरण आजच्यापेक्षा तापलेले होते याचा यापेक्षा थेट पुरावा क्वचितच मिळतो, आणि तो मिळतो हॉर्नब्लेंडच्या सुयांनी भरलेल्या एका सामान्य दिसणाऱ्या दगडातून.

यावर पहिला आक्षेप असा: हा खडक लाव्हाच होता कशावरून? चिकणमाती आणि डोलोमाइट यांचा मिश्र गाळ तापवला तरी अँफिबोलाइटच तयार होतो, आणि एखाद्या नमुन्याचे पृथक्करण पाहून दोघांत फरक करता येत नाही. आक्षेप खरा आहे. त्याचे उत्तर बर्नार्ड लीक यांनी १९६४ मध्ये दिले. एकच नमुना न पाहता नमुन्यांच्या रांगेचा कल पाहावा, असे त्यांचे म्हणणे. लाव्हांच्या मालिकेत लोहाच्या तुलनेत मॅग्नेशियम जितके जास्त तितके क्रोमियम आणि निकेलही जास्त, कारण तिन्ही सुरुवातीच्या स्फटिकांबरोबर जातात. गाळाच्या मिश्रणात नेमके उलटे घडते. तिथे मॅग्नेशियम डोलोमाइटमधून येते आणि क्रोमियम-निकेल चिकणमातीतून, म्हणजे एक वाढले की दुसरे घटणार. कोलारचे नमुने पहिल्या रांगेत बसतात. शिवाय पट्ट्यात काही ठिकाणी उशीच्या आकाराचे लाव्हाचे गोळे, चेपलेले असूनही, ओळखता येतात. पाण्याखाली ओतलेल्या लाव्हाखेरीज तो आकार दुसरे काही घेत नाही. पहिल्या प्रश्नावर वाद घालण्यासारखे मग फार उरत नाही.

आता पट्ट्याच्या दोन बाजू. पश्चिम आणि मध्य भागातल्या मॅग्नेशियमसमृद्ध अँफिबोलाइटांत हलक्या दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांचे प्रमाण कमी आहे, म्हणजे त्यांचे प्रावरण आधीच कधीतरी वितळून निथळलेले असावे. पूर्वेकडच्या अँफिबोलाइटांत तीच मूलद्रव्ये अधिक आहेत. निओडिमियम आणि शिसे यांचे समस्थानिकही दोन्ही बाजूंना वेगळी कहाणी सांगतात. अंतर मोजले तर दोन-तीन किलोमीटरचे. एकाच प्रावरणातून कमी-जास्त वितळून हा फरक येईल का? मूलद्रव्यांचे प्रमाण कदाचित तसे बदलेल, पण समस्थानिकांचे गुणोत्तर वितळण्याने बदलत नाही. समारियम-१४७ चे निओडिमियम-१४३ मध्ये रूपांतर होण्याचे अर्धायुष्य सुमारे १०,६०० कोटी वर्षांचे आहे. म्हणून फरक साचायचा तर दोन उगम दीर्घकाळ वेगळेच असावे लागतात. दोन्ही बाजूंचे नाइसही असेच परके. पश्चिमेकडचे सुमारे २६३ ते २५५ कोटी वर्षांचे आहेत आणि त्यांत ३२० कोटी वर्षांहून जुन्या कवचाच्या खुणा आहेत. पूर्वेकडचे कंभा नाइस सुमारे २५३ कोटी वर्षांचे आहेत, आणि त्यांत तसे जुने कवच मिसळल्याची खूण नाही.

दुसरा आक्षेप इथे येतो, आणि तो अधिक टोकदार आहे. ही मूलद्रव्ये हलत नाहीत हे गृहीतक सगळीकडे खरे नाही. कार्बन डायऑक्साइडने भरलेले गरम द्रव पुष्कळ काळ खडकातून वाहिले तर हलकी दुर्मीळ मृदा मूलद्रव्येही हलतात. ग्रीनलंडमधल्या इसुआच्या ३७० कोटी वर्षांहून जुन्या लाव्हांत हे स्पष्ट दिसले आहे. सेरियम ऑक्सिडीकरणाने आणि युरोपियम क्षपणाने आपला भार बदलून बाकीच्यांपासून फुटतात, हेही खरे. मग पूर्व कोलारची समृद्धी एखाद्या द्रवाने आणून टाकलेली नसेल कशावरून? माझ्या मते दोन गोष्टी याच्या विरुद्ध जातात. द्रव सगळ्या नमुन्यांना सारखे भिजवत नाही. भेगेजवळचा खडक खूप बदलतो, दूरचा कमी, त्यामुळे आलेखांचे उतार विस्कळीत व्हायला हवेत. इथे मात्र ते बरेचसे एकमेकांना समांतर राहतात. दुसरे, पश्चिमेकडच्या अँफिबोलाइटांचे समारियम-निओडिमियम पद्धतीने वय सुमारे २६९ कोटी वर्षे येते आणि शिशाच्या समस्थानिकांवरून सुमारे २७३ कोटी. ही दोन अगदी वेगळी घड्याळे आहेत, आणि दोन्ही पुढच्या रूपांतराची वेळ न दाखवता लाव्हाची वेळ दाखवताना दिसतात. मात्र दोन्ही वयांची त्रुटीमर्यादा चौदा-पंधरा कोटी वर्षांची आहे, आणि तिचे खालचे टोक २५५ कोटींच्या आसपास, म्हणजे रूपांतराच्या काळाला जवळजवळ टेकते. म्हणून हा पुरावा भक्कम म्हणावा, अभेद्य म्हणू नये.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो. १९७३ मध्ये पीअर्स आणि कॅन यांनी टायटॅनियम, झिर्कोनियम, इट्रियम यांच्या आलेखावर आजच्या बेसाल्टांची विभागणी केली: मध्यसागरी कण्यांचे इथे, द्वीपचापांचे तिथे, भूपट्टांच्या आतले तिसरीकडे. तेव्हापासून कुठलाही जुना अँफिबोलाइट त्या आलेखावर टाकून त्याचा भूगोल सांगायची प्रथाच पडली. ती किती फसवू शकते याचे उदाहरण आपल्या घाटातच आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर चढताना दख्खनच्या लाव्हांचे थर एकावर एक लागतात. खालच्या पोलादपूर थरांत आणि त्याहून जुन्या बुशे थरांत जुन्या भूखंडाचे कवच मिसळलेले आहे. थोरियम आणि लँथॅनमच्या मानाने त्यांत नायोबियम कमी पडते, आणि हीच खूण बुडत्या भूपट्टावरच्या ज्वालामुखींची म्हणून सांगितली जाते. दख्खनखाली त्या वेळी कुठलाही भूपट्ट बुडत नव्हता. आंबेनळी थरांत ही भेसळ फारच थोडी. एकाच घाटात, एकाच ज्वालामुखी घटनेत, आलेख दोन वेगळे भूगोल वाचून दाखवतो. याच दख्खनचे तुकडे अडीचशे कोटी वर्षे गाडून, शिजवून कुणाच्या हाती दिले असते, तर त्याने खुशाल इथे एक समुद्र आणि एक द्वीपमाला कल्पिली असती.

पूर्व कोलारची समृद्धीही अशी कवचाची भेसळ असेल का? जुन्या भूखंडी कवचाच्या खुणा पश्चिमेच्या नाइसांत आहेत, आणि समृद्ध अँफिबोलाइट आहेत पूर्वेला. भेसळ झाली असती तर ती उलट बाजूला दिसायला हवी होती. हे उत्तर ऐकायला चोख वाटते, पण त्यात एक फट आहे. दोन्ही बाजू नंतर सरकून शेजारी आल्या असतील, तर लाव्हा वाहताना कोणाखाली कोणते कवच होते हे आजच्या शेजारावरून ठरवता येत नाही. म्हणजे ज्या निष्कर्षासाठी पुरावा शोधतो आहोत, तोच निष्कर्ष पुराव्याची धार बोथट करतो. तरीही एक गोष्ट शिल्लक राहते. भेसळ धरा वा न धरा, दोन्ही बाजूंचा पूर्वेतिहास वेगळा होता आणि पुढे त्या एकमेकींना भिडल्या. या दोन विधानांना रसायनशास्त्राचा आधार आहे.

१९८९ च्या शोधनिबंधाने याच्या पुढचे पाऊल टाकले. २५३ ते २४२ कोटी वर्षांपूर्वी आडव्या दाबाने आणि कातरण्याने हे वेगवेगळे तुकडे कोलार पट्ट्यावर सांधले गेले, आणि हे आजच्या सरकत्या भूपट्टांच्या सीमांसारखेच आहे, म्हणून भूपट्टांची यंत्रणा त्या काळी चालू होती, असे त्यांनी मांडले. धारवाड प्रदेशाच्या इतर काही अभ्यासकांना ते पटलेले नाही. त्यांच्या मते जड लाव्हांची जाड रास खालच्या मऊ, तापलेल्या नाइसात आपल्या वजनाने रुतत गेली आणि नाइस घुमटासारखे वर आले. हालचाल प्रामुख्याने उभी, भूपट्टांची गरज नाही. कोलारच्या बाबतीत मला आडव्या सरकण्याचे म्हणणे जास्त पटते. एवढ्या अरुंद पट्ट्याच्या दोन बाजूंना वेगळ्या वयाचे, वेगळ्या पूर्वेतिहासाचे नाइस असणे नुसत्या रुतण्याने समजावता येत नाही. पण एका सांध्यावरून सबंध पृथ्वीची यंत्रणा ठरवणे मला घाईचे वाटते. तुकडे आडवे सरकणे वेगळे, आणि बुडते भूपट्ट, मध्यसागरी कणे अशी सगळी साखळी आजच्यासारखी चालू असणे वेगळे. दुसरे सिद्ध करायला थंड भूपट्ट बुडताना तयार होणारे जास्त दाबाचे आणि कमी तापमानाचे खडक दाखवावे लागतील, आणि ते काम रासायनिक गुणोत्तरांच्या आवाक्यातले नाही. त्यासाठी ज्या खनिजांना आपण सुरुवातीला बाजूला सारले, त्यांच्याकडेच परत जावे लागते.

बाजूला सारलेल्या पोटॅशियम-रुबिडियमचेही तसेच. लाव्हाचे मूळ शोधताना ती निरुपयोगी, पण खडकातून नंतर काय वाहिले हे जाणायचे तर त्यांच्याइतके बोलके दुसरे काही नाही. रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीच्या खाणीतून आजही सोने निघते. तिथे सोन्याच्या शिरांलगत अँफिबोलाइटचा रंग आणि पोत बदलतो, हॉर्नब्लेंडच्या जागी काळा अभ्रक दाटतो. अभ्रकाला पोटॅशियम लागते, आणि मूळ बेसाल्टमध्ये तेवढे ते नव्हतेच. ते द्रवाबरोबर बाहेरून आले. किती आले याचा हिशेब मांडायचा तर शिरेपासून दूरचा साधा अँफिबोलाइट आणि शिरेलगतचा बदललेला अँफिबोलाइट, दोन्हींचे पृथक्करण करून टायटॅनियम-झिर्कोनियम स्थिर धरावे लागतात. ते दोघे जितक्या पटीने पातळ झालेले दिसतील तितक्या पटीने खडकाचे वस्तुमान वाढलेले असते. ती वाढ लक्षात घेऊन पोटॅशियम, गंधक आणि सोने यांची आवक मोजता येते.